नाव चढवायचं राहिलं

"मगदूम तुमीच का?"

ऑक्टोबरातला रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. पोर्चमध्ये पाटावर बसून मी एका गाडीचा कार्बोरेटर खोलला होता. त्यातला जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक पितळी तोटी, ओठांत धरून फुंकत होतो, त्यामुळे तोंडानं हो म्हणता आलं नाही. नुसती मान हलवली.

फाटकापाशी एक बाई उभी होती. पस्तिशीच्या आतबाहेरची. फिकट निळं पातळ, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. कपाळ मोकळं, गळा मोकळा. स्टँडवरून चालत आली असावी, कारण चपला धुळीनं भरल्या होत्या.

"भूपाल मगदूम, मिरज. तेच न्हवं?"

"तोच. काय, गाडी विकायची आहे का?"

मला तसं विचारायची खोडच होती. फाटकाशी अनोळखी माणूस दिसलं की ते एकतर गाडी विकायला आलेलं असायचं, नाहीतर घ्यायला. ही गोष्ट नव्व्याण्णव सालची. तेव्हा मी कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. आठवडाभर पोरांच्या परीक्षानळ्या धुवायच्या आणि रविवारी मोटारसायकली. जुनी, कुणी कोपऱ्यात लावून ठेवलेली गाडी घ्यायची, पार खोलायची, पुन्हा उभी करायची आणि विकायची. त्याच्यावर माझं पोट नव्हतं, ती हौस होती. माझी बायको त्रिशला म्हणायची, "लोकांचे नवरे रविवारी भाजी आणतात, आमचे भंगार आणतात." पण पहिली किक बसून गाडी सुरू झाली की तीही स्वयंपाकघरातून डोकावून जायची.

"विकायची न्हाई," बाई म्हणाली. "एका गाडीबद्दल इचारायचं हुतं. मी मालन शेवाळे. सावळजची."

शेवाळे हे नाव मी कुठंतरी वाचलं होतं. कुठं, ते आठवेना. मला माणसं लक्षात राहत नाहीत, गाड्यांचे नंबर राहतात.

मी तिला पायरीवर बसायला सांगितलं. त्रिशलानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि तिच्या मोकळ्या कपाळाकडं बघून काही न बोलता आत गेली. बाईनं दोन घोट घेतले, पिशवीतून एक चतकोर कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. कुणीतरी शाळकरी अक्षरात उतरवून घेतलं होतं: एंजिन काम ता. १४ मार्च ९९, भूपाल मगदूम, मिरज.

मजकूर माझाच होता. गाडीचं काम पुरं झालं की टूलबॉक्सच्या झाकणाला आतल्या बाजूनं लाल रंगानं मी एवढं लिहून ठेवायचो. तसं करायची काही गरज नव्हती. चित्र काढणारा कोपऱ्यात सही करतो तशी ती माझी सही, दुसरं काय. आपण काहीतरी करून ठेवलंय हे कुणाला तरी कधीतरी कळावं असं वाटायचं.

"हे कुठं मिळालं तुम्हाला?"

"पोलीस ठाण्यात. गाडी अजून तिथंच पडलीया. चेपलेली." तिनं तांब्या बाजूला सरकवला. "माझ्या मालकाची गाडी. गणपती बसायच्या आदल्या दिवशी घाटात ट्रकखाली आली. त्यातच ते गेले."

"अरेरे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मी अजून निवांत होतो. कुणाचं तरी काही काम केलं असेल, विसरलो असेन, एवढंच डोक्यात होतं.

"फेब्रुवारीत घरातनं गेले ते. तासगावला जाऊन येतो म्हणून गाडी काढली ती पुन्हा आलेच न्हाईत. चिठ्ठी न्हाई, चपाटी न्हाई. साडेसहा महिन्यांनी पोलीस दारात. गाडीत तिचं आरसी पुस्तक सापडलं, पुस्तकात ह्येंचं नाव. मग आमाला बोलावलं." ती कागदाची घडी घालत होती. "तुमी काम केलंय चौदा मार्चला. म्हंजे घरातनं गेल्यावर पंधरा-वीस दिसांनी. आमच्या लोकांत त्येंना शेवटचं कुणी बघितलंच न्हाई. तुमीच बघितलंय. म्हणून आले."

"गाडीचा नंबर काय?"

तिनं नंबर सांगितला. शेवटचे चार आकडे चव्वेचाळीस एकाहत्तर.

हा नंबर मला पाठ होता. 

दिनकर शेवाळे. फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी तो याच फाटकातून आत आला होता, चव्वेचाळीस एकाहत्तरवर बसून. गाडी त्यानं पोटच्या पोरासारखी सांभाळली होती, फक्त एंजिन धूर टाकायला लागलं होतं. मी आकडा सांगितला, त्यानं घासाघीस केली नाही. टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कागदावर, मी सांगितलं तिथं तिथं सह्या केल्या. आणि म्हणाला, मला स्टेशनवर सोडाल का? मी सोडलं. हातात एक छोटी बॅग होती. मिरजेच्या स्टेशनातून कुठंही जाता येतं. मी विचारलंही नाही.

म्हणजे तो गाडी दुरुस्त करायला आलाच नव्हता. त्यानं गाडी मला विकली होती. मी तिचं एंजिन केलं, झाकणावर सही केली आणि एप्रिलमध्ये ती आरगच्या बाळू मंडलेला दिली.

बाळू फरशी बसवणारा. कोकणात कामं घ्यायचा, महिना-दीड महिना तिकडंच राहायचा. फरशी कापायचं मशीन घेऊन एसटीत चढलं की कंडक्टर कावतो, म्हणून त्याला गाडी पाहिजे होती. मार्चात ओळीनं दोन रविवार येऊन तो या पायरीवर बसला होता, ही बाई बसली होती तिथंच. मी एंजिन भरत होतो आणि तो बघत होता. एकेक नट आवळताना, "अण्णा, ह्यो कशाचा?" म्हणून विचारायचा. मला असलं गिऱ्हाईक पुन्हा मिळालं नाही.

पैसे देऊन झाल्यावर तो म्हणाला होता, "अण्णा, पुस्तकात माझं नाव कवा लागंल?"

आता इथं आमची रीत सांगायला पाहिजे. गाडीच्या आरसी बुकात जितकी नावं जास्त, तितका तिचा भाव कमी. म्हणून माझ्यासारखे लोक मधे आपलं नाव चढवतच नाहीत. मूळ मालकाची सही असलेला कोरा फॉर्म गाडीबरोबर फिरतो. घेणाऱ्यानं सवडीनं आपलं नाव चढवून घ्यावं, नाही घेतलं तरी गाडी काय चालायची थांबत नाही. आरटीओत हेलपाटे घालायचा मला मनस्वी कंटाळा. मी बाळूला म्हणालो होतो, "कशाला घाई करतोस? पळून चाललंय का नाव? दिवाळीनंतर माझ्या तीन-चार गाड्यांची कामं आहेत, तुझंही त्यातच करून टाकू." तो बरं म्हणाला. पण एकदा पुस्तक उघडून, शेवाळेच्या नावावर बोट ठेवून त्यानं ते पुन्हा वाचलं होतं, हे मला आठवतं.

घाटात मेला तो बाळू होता.

आणि ही बाई त्याचं तेरावं घालून माझ्या पायरीवर बसली होती. तिचा नवरा कुठंतरी जिवंत होता, निदान त्या गाडीवर तरी नव्हता. मला ओरडावंसं वाटलं. 

"आठवतंय का काय?" तिनं विचारलं.

मी तिच्याकडं बघितलं. शांत बसली होती. मनात म्हटलं, हिचं सगळं झालंय. रडून झालंय, दहावं-तेरावं झालंय. आता हिला सांगायचं काय, की तुझा नवरा मेला नाही, गाडी विकून तुला सोडून गेला? आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात तिच्याआधी मीच आलो होतो. नाव न चढवलेली गाडी, माझ्या अक्षरातली तारीख, पोलीस, कॉलेज, नोकरी. एका हो मध्ये सगळं मिटत होतं.

"हो," मी म्हणालो. "आले होते ते."

"कसे हुते?"

"बरे होते. तब्येत ठीक होती."

"एकटेच?"

"एकटेच. एंजिन करून घेतलं. दोनतीनदा आले. चांगला माणूस."

"घरचं काय बोलले?"

"बोलले ना. तुमची आठवण काढत होते. म्हणाले, परत जायचंय." एकदा खोटं बोलायला लागलं की माणसाला फार दयाळू झाल्यासारखं वाटतं. मी तर वाहवतच गेलो.

तिनं मान हलवली. पायऱ्यांकडं बघितलं. माझ्या पोर्चला तीन उंच पायऱ्या आहेत.

"ह्या चढताना त्रास झाला असंल त्येंना. डावा पाय असा."

"हो ना, लंगडतच होते. मीच हात दिला."

 मग अगदी हळू, कुणा लहान पोराला सांगावं तसं म्हणाली, "त्येंच्या पायाला काय बी झालं न्हवतं, भाऊ. सरळ चालायचे."

माझ्या हातातला जेट फरशीवर पडून कुठंतरी घरंगळत गेला. तो मला नंतर कधीच सापडला नाही.

"आता खरं सांगा," ती म्हणाली. "गाडी त्येंनी तुमाला विकली. बरुबर?"

"हो."

"आन तुमी कुणाला दिली? त्या माणसाचं नाव काय?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकतोय. "कुठल्या माणसाचं?"

"जो मेला त्याचं."

त्रिशला चहाचे कप घेऊन दारात आली होती. ती तिथंच थांबली. 

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?" मी कसंबसं विचारलं. "ते तुमचे मालक नव्हते हे?"

"बारा वर्षं संसार केला. तिथं दवाखान्यात कापड उचललं तवाच कळलं. तोंड ऱ्हायलंच न्हवतं, पण बाकीचं माणूस हुतं की. न्हवते ते."

"मग तुम्ही हो म्हणालात?" माझा आवाज चढला. इतका वेळ आत साठलेली भीती अशी रागाच्या वाटेनं बाहेर पडली. तो राग कुणावर तरी काढायला मिळाला याचं मला बरंही वाटलं, आता सांगायला लाज वाटते. "दुसऱ्याचं माणूस आपलं म्हणून जाळलंत? तुम्हाला कळत नाही?"

"आन पुस्तकात नाव माझ्या मालकाचंच कसं ऱ्हायलं हो?" तिनं आवाज चढवला नाही. "गाडी इकल्यावर नाव बदलत्यात न्हवं?"

 त्रिशलानं कप खाली ठेवले आणि माझ्याकडं न बघता तिच्याशेजारी पायरीवर बसली.

मग ती बाई बोलली ते त्रिशलाशीच बोलली. मी ऐकत होतो.

"दीर हुता संगं. त्यानं बघितलं न् रडायलाच लागला, दादा दादा करून. पोलिसाच्या हातात पुस्तक. सासरा खाली बसला. आन सगळी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मी न्हाई म्हणणारच हुते. तोंडापतुर आलतं."

"मग?" त्रिशलानं विचारलं.

"नवऱ्यानं टाकलेली म्हंजे काय असतंय ते तुमाला न्हाई कळायचं, वयनी. कळू बी नये. सात महिने मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं न्हाई. नळावर गेले की बाया गप्प व्हायच्या. सासू म्हणायची, तूच काय केलंस म्हणून गेला. पोरगं धा वर्षांचं, शाळेत मार खाऊन यायचं. अन् त्या दिशी मी हो म्हणाले. आमचा टेम्पो गावात शिरला तर सारी आळी दारात. त्याच बाया गळ्यात पडून रडल्या. सासूनं मला जवळ घेतलं, लग्न झाल्यापास्नं पयल्यांदा. दिनकर पळून गेलेला न्हाई, कामाच्या शोधात फिरत हुता, घरी यायलाच निघाला हुता, असं सगळी बोलायला लागली. मीच बोलायला लागले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "दहाव्याला कावळा बी लगीच शिवला. त्याला बी काय कळलं न्हाई."

 त्रिशलानं त्या बाईच्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

"तेराव्यानंतर सगळी गेली. आन मग रोज ते कापड डोळ्यांपुढं येतंय. ज्याला माझ्या पोरानं आग दिली, त्याचं बी कुठंतरी घर असंल. बाई असंल. ती रोज काय बी वाजलं की दार उघडून बघत असंल. वाट बघून माणसाचं काय हुतंय ते मला इचारा. सात महिने बघितलीया. ठाण्यातल्या गाडीवर तुमचं नाव वाचलं तवाच घेटलं उतरवून. म्हटलं ह्येंना ठावं असंल." ती माझ्याकडं वळली. "तुमी हो आले हुते म्हणालासा, तवा वाटलं, घ्यावं मानून. तुमाला बी तेच पायजे, मला बी तेच. सुखानं माघारी जावं. पर खरं का खोटं बघायला पायजे हुतं, म्हणून पायाचं इचारलं."

मी तिला बाळूचं नाव सांगितलं. गाव सांगितलं. घर एकदा पाहिलं होतं, गाडी पोचवायला गेलो होतो तेव्हाचं, तेही सांगितलं.

"चला," ती उठली.

"आत्ता? आधी पोलिसांत जायला पाहिजे. तुम्ही लिहून दिलंय. तुमच्यावर येईल, माझ्यावरही."

"येऊ दे. ठाण्यात बी जायाचंच हाय. पर आधी तिला सांगायचं. पोलीस येऊन कसं सांगत्यात ते मी ऐकलंय."

"घरी कळल्यावर तुमचं काय होईल?"

"काय हुणार? पुन्हा टाकलेली हुईन," ती म्हणाली. "आन खोटारडी."

मी त्रिशलाकडं बघितलं. तिनं आत जाऊन माझा शर्ट आणला आणि माझ्या हातात दिला. "हात धुवा," एवढंच म्हणाली.

दारात उभी होती त्यातली एक धड चालती गाडी काढली. मालनताईंनी पदर कमरेला खोचला आणि सवयीच्या माणसासारख्या मागं एका बाजूनं बसल्या. आरगचा रस्ता तेव्हा खराब होता. दोन्हीकडं द्राक्षाच्या बागा, नुकत्या छाटलेल्या. मी सावकाश चालवत होतो. खड्डे होते म्हणून नव्हे, पोचायचंच नव्हतं म्हणून.

"जाताना काय म्हणाले हो?" मागून आवाज आला. "आता खरं सांगा."

मी आठवायचा प्रयत्न केला. "गाडीबद्दल बोलत होते. सकाळी चोक द्यावा लागतो, पावसात प्लगला फडकं बांधा, मागचा ब्रेक जरा उशिरा लागतो. स्टेशन येईपर्यंत तेच. उतरल्यावर टाकीवरून एकदा हात फिरवला."

"आन?"

"आणखी काही नाही."

 मला वाटलं रडत असेल. आरशात बघितलं, तर ती सरळ पुढं बघत होती. "बारा वर्षांनी बी माझ्याबद्दल एवढं कुणाला सांगता आलं नसतं त्येंना," ती म्हणाली.

दिनकर शेवाळे पुढंही कधी आला नाही. त्याचं काय झालं ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही. पुढं पोलीस, जबाब, कोर्टाच्या तारखा हेही सगळं यथासांग झालं आणि ते मी भोगलं. पण त्या सगळ्याची आठवण झाली तर मला काही होत नाही. आरगच्या त्या दिवसाची आठवण झाली की होतं.

बाळूचं घर गावाच्या कडेला होतं. दोन खोल्या, पुढं अंगण. अंगणात वेगवेगळ्या रंगांच्या उरलेल्या फरश्यांचे तुकडे जोडून त्यानं सुंदर नक्षी केली होती. त्यावर बसून त्याची बायको शोभा सुपात जोंधळे पाखडत होती. पंचविशीची पोरगी. कपाळावर ठसठशीत कुंकू. तिनं मला बघितलं आणि तिचा चेहरा एकदम फुलला.

मी घाबरलो ते त्या चेहऱ्याला. येताना रस्ताभर मनाची तयारी केली होती ती काळजीनं खंगलेल्या बाईची. ही तर वाट बघतच नव्हती. हिला वाट बघावी असं काही झालंय हेच ठाऊक नव्हतं.

"अण्णा, तुमी? या की. ते न्हाईत हो, राजापूरला हायत. मोठं काम लागलंय. दसऱ्याला येतो म्हणालते, आले न्हाईत. दिवाळीला येतील आता." ती सूप बाजूला ठेवून उठली. "गाडीच्या नावाचं आलाय व्हय? सांगून गेलेत मला. अण्णा आले तर कागद दे म्हणून. काढून ठेवलेत मी. देते, आधी च्या टाकते."

 मी सांगायचा प्रयत्न केला. तिचं नाव घेतलं, वहिनी म्हणालो, आणि पुढं काहीच आलं नाही. ज्या माणसाला मी पाच मिनिटांत दिवाळीपर्यंत थांबायला पटवलं होतं, त्याच्या बायकोपुढं मला एक वाक्य बोलता येईना.

शोभानं मालनताईंकडं बघितलं. मोकळ्या कपाळाकडं बघून तिचं हसू थोडं कमी झालं. "ह्या कोण?"

"च्या नको," मालनताई म्हणाल्या. "बस जरा माझ्यापाशी."

त्या फरशीवर बसल्या आणि तिचा हात धरून तिलाही खाली बसवलं. शोभा बसली. माझ्याकडं बघत राहिली.

"तुझ्या मालकाच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला नख न्हाई. बरुबर?"

"न्हाई," शोभा म्हणाली. "फरशी पडलीती. जुनं हाय ते. तुमाला कसं ठावं?"

"म्या बघितलाय तो हात."

"कुठं?"

मालनताईंनी सांगितलं. आडपडदा ठेवला नाही आणि घाईही केली नाही. घाट, ट्रक, गणपतीचा आदला दिवस, गाडीच्या पुस्तकातलं नाव. त्यांचा स्वतःचा दीर, सासरा, आणि त्या स्वतः हो म्हणाल्या ते. शोभा मधेच सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकायची आणि पुन्हा ऐकायची. तिला ऐकू जात होतं, पण पोचत नव्हतं. मी अंगणाच्या कडेला उभा होतो, आणि तिथून पळून जावं असं वाटत होतं.

"कुठं हायत मग ते?" शोभानं विचारलं.

"माझ्या पोरानं अग्नी दिला, बाई. बारक्या हातानं, पर नीट दिला. अस्थी कृष्णेत सोडल्या. दहावं केलं, तेरावं केलं, गोडाचं जेवण घातलं, गाव जेवलं. काय बी कमी पडू दिलं न्हाई. सगळं केलंय मी त्येंचं."

शोभानं हात सोडवून घेतला नाही.  मग तिनं विचारलं, अगदी साधं, काहीतरी समजून घ्यायचं राहिलंय म्हणून विचारावं तसं.

"कुणाच्या नावानं?"

मालनताईंनी तिचा हात सोडला. आणि शोभा मान वळवून माझ्याकडं बघायला लागली.